दिसली नाही म्हणजे संपली का? ख्रिसमस आयलंडच्या सापसुरळीबद्दल

ऐरोलीच्या एका मुलाने विचारलंय, झूलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे तो: "दादा, ख्रिसमस आयलंडवरच्या सापसुरळीबद्दल वाचलं. ती वर्षानुवर्षं कुणाला दिसली नाही तरी 'नामशेष' म्हणायला एवढा वेळ का लावतात? 'बहुधा नामशेष' म्हणजे नक्की काय? लपली आहे की संपली आहे हे फील्डवर कळतं कसं? आणि उद्या आपल्या ठाण्याच्या येऊरच्या जंगलातली एखादी जात अशी गायब झाली तर आपल्याला कळेल का?"

चारही प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत त्यामुळे सलगच उत्तर देतो, जरा लांब होईल. मी गेली बावीस वर्षं ठाण्यात सापांचे कॉल घेतोय आणि त्याच्या जोडीने येऊर, घोडबंदर, पारसिक, खारघर या पट्ट्यात पाली-सरडे-सापसुरळ्यांचे सर्व्हे करतोय, त्यातलं जे हाताखालून गेलंय त्यावरूनच सांगतो. ख्रिसमस आयलंड या ऑस्ट्रेलियाच्या बेटावर मी गेलेलो नाही, पण त्या बेटावर जे घडलं त्यातला मुख्य आरोपी आपल्या घरातल्या सापाचा सख्खा भाऊ आहे म्हणून ती केस मी अनेक वर्षं फॉलो करतोय. त्याच्याकडे येतोच.

आधी शब्द क्लिअर करून घेऊ. जगभरातल्या संकटग्रस्त जातींची यादी ठेवणारी संस्था म्हणजे आययूसीएन, तिच्या नियमाप्रमाणे 'नामशेष' तेव्हाच म्हणायचं जेव्हा शेवटचा जीव मेला याबद्दल वाजवी शंका उरत नाही. आणि ती शंका जायला नुसतं "बरेच दिवस दिसली नाही" हे पुरत नाही, ती जिथे जिथे असू शकते त्या सगळ्या जागा शोधलेल्या पाहिजेत, दिवसाच्या बरोबर वेळेला, बरोबर ऋतूत, आणि त्या प्राण्याचं आयुष्य किती असतं त्या हिशोबाने पुरेशी वर्षं. हे सगळं झालं नसेल पण लक्षणं वाईट असतील तर तिला 'अतिसंकटग्रस्त' मध्येच ठेवतात आणि पुढे शेपूट लावतात, 'बहुधा नामशेष'. म्हणजे तो घाबरटपणा नाहीये किंवा सरकारी भाषा नाहीये, त्याचा अर्थ आहे की अजून शोधा, फाइल बंद करू नका. कारण एकदा नामशेष लिहिलं की पैसा थांबतो, जागेचं संरक्षण सैल होतं, आणि तिथे दोन-चार शिल्लक असतील तर त्याही मग खरंच जातात.

आता तुझा खरा प्रश्न, लपली की संपली.

येऊरला पाटोणपाड्याच्या बाजूला एका ओढ्याकाठी मी पावसाळा संपता संपता नेहमी जायचो, वनखात्याची परवानगी काढून, एक ठरलेला तुकडा होता माझा. तिथे एक छोटी सापसुरळी असते, रायोपा नावाच्या वंशातली, ठिपकेवाली. आपण अंगणात बघतो ती जाडजूड सापाची मावशी नव्हे, ही पेन्सिलीपेक्षा बारीक, पाय एवढे चिमुकले की पहिल्या नजरेला सापाचं पिल्लूच वाटतं, आणि लहानपणी शेपूट लालभडक. दगड उचललास की ती तुला फार तर दोन सेकंद देते. पळत नाही, अंग एकदा डावीकडे एकदा उजवीकडे वळवते आणि मातीत अशी शिरते की पाणी मुरावं तसं, मागे भोकसुद्धा राहत नाही. पहिल्या वर्षी मी त्या तुकड्यात अकरा फेऱ्या मारल्या आणि एकही दिसली नाही, आणि बाराव्या फेरीला, आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला, एका सकाळीत तीन दिसल्या, त्यातली एक त्याच दगडाखाली जो मी निदान सहा वेळा उचलला होता. अकराव्या फेरीनंतर मी डायरीत "इथे नाही" असं लिहिलं असतं तर ते साफ खोटं ठरलं असतं.

याचं गणित सोपं आहे आणि ते तू एकदा स्वतः कॅल्क्युलेटरवर करून बघ, डोक्यात पक्कं बसतं. समज एखादी सापसुरळी त्या जागेत आहे आणि एका फेरीत ती तुला दिसायची शक्यता १० टक्के आहे. म्हणजे न दिसायची ०.९. दहा फेऱ्या रिकाम्या जायची शक्यता ०.९ चा दहावा घात, साधारण ३५ टक्के. म्हणजे ती तिथे असूनसुद्धा तू दहा वेळा जाऊन रिकाम्या हाताने परत येशील हे तीनात एकदा होणारच आहे. तीस फेऱ्या रिकाम्या गेल्या तर शक्यता ४ टक्क्यांवर येते, आता म्हणता येईल की बहुतेक नाहीये. पण जर ती फारच लपणारी असेल, एका फेरीत दिसायची शक्यता फक्त २ टक्के, तर ती तिथे असूनसुद्धा तीसच्या तीस फेऱ्या रिकाम्या जायची शक्यता साधारण ५४ टक्के असते, आणि ९५ टक्के खात्रीने "नाही" म्हणायला जवळपास दीडशे फेऱ्या लागतात. एका तुकड्यासाठी. आता हेच जंगलाने भरलेल्या, कडेकपारी असलेल्या अख्ख्या बेटाला लाव, जिथे बोट आठवड्यातून एकदा जाते किंवा वर्षातून एकदा. म्हणून वेळ लागतो.

आणि ही दिसायची शक्यता आपल्या हातात असते, निदान थोडी तरी, हे फार लोकांना समजत नाही. सापसुरळी उन्हं अंगावर घेऊन गरम होते मग हलते, त्यामुळे तिची वेळ सकाळी साडेआठ ते अकरा, मार्च-एप्रिलमध्ये त्याहून आधी. दुपारी ती दगडाखाली आणि रात्री तर झोपलेलीच. पाल उलटी, तिच्यासाठी रात्री हेडलॅम्प कपाळावर, डोळ्यांच्या रेषेत लावून फिरायचं, डोळे चमकतात, टॉर्च कमरेजवळ धरलास तर चमक तुझ्याकडे परत येतच नाही आणि तू तिच्या समोरून निघून जातोस. मातीत राहणाऱ्यांसाठी बादल्या पुरायच्या, जमिनीला तोंड लेव्हल करून, आणि दोन बादल्यांच्या मध्ये गुडघ्याएवढं प्लॅस्टिकचं आडवं कुंपण, प्राणी कुंपणाच्या कडेकडेने चालत येऊन बादलीत पडतो, मात्र बादली सकाळ-संध्याकाळ तपासायचीच आणि तळाला ओला पाला आणि भोकं हवीत, नाहीतर पावसात बुडून मरतात किंवा उन्हात भाजतात. कॅमेरा ट्रॅपवर भरवसा ठेवू नको. तो सेन्सर अंगाची उष्णता आणि आजूबाजूची उष्णता यातला फरक पकडतो, सापसुरळीचं अंग भोवतालच्या जमिनीएवढंच गरम असतं, ती लेन्सच्या समोर बसून राहिली तरी कॅमेऱ्याला ती नसतेच. लावायचाच तर ठराविक सेकंदांनी आपोआप फोटो काढायच्या मोडवर लावायचा आणि मग हजारो फोटो डोळ्यांनी बघायचे.

हे सगळं सांगायचं कारण, काही वर्षांपूर्वी खारघरच्या टेकडीखाली एका मोठ्या प्लॉटचा पर्यावरण अहवाल माझ्या हातात आला. एका कन्सल्टन्सीने केलेला. सर्व्हे एक दिवसाचा, मे महिन्यातला, वेळ दुपारी बारा ते तीन. आणि निष्कर्षात लिहिलेलं की सरपटणारे प्राणी उल्लेखनीय संख्येने आढळले नाहीत. मे मधल्या दुपारी बारा वाजता! त्या प्लॉटवर मी आदल्याच जुलैमध्ये एका रात्रीत चार जातींच्या पाली आणि एक घोणस मोजली होती. मला त्या दिवशी जितका राग आला तितका कधी आला नसेल, कारण तो कागद खोटा नव्हता, त्यांना खरंच काही दिसलं नव्हतं, पण त्या "आढळले नाहीत" ला काही किंमत नव्हती आणि तरी तो कागद चालला. म्हणून मी माझ्याबरोबर येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिली सवय ही लावतो की काही दिसलं नाही तरी किती वाजता गेलो, किती तास, किती माणसं, ऊन होतं का, माती ओली होती का, किती दगड उचलले, हे सगळं लिहायचं. ते नसेल तर तुझं शून्य कुणाच्याच कामाचं नाही.

चुकून "संपली" समजलेल्या जाती परत सापडल्याची उदाहरणं भरपूर आहेत आणि ती वाचून मलाही दर वेळी तितकाच आनंद होतो. न्यू कॅलेडोनियाची टेरर स्किंक म्हणतात ती सापसुरळी घे, अर्धा मीटर लांब, आत वळलेले लांब दात, १८७६ मध्ये एका एकुलत्या एका नमुन्यावरून तिचं वर्णन झालं आणि नंतर सव्वाशे वर्षं काहीच नाही, आणि २००३ मध्ये आइल ऑफ पाइन्सजवळच्या एका चिमुकल्या बेटावर जिवंत दिसली. कॅनरी बेटांमधल्या ला गोमेरावरचा मोठा सरडा १९९९ मध्ये एका कड्यावर मूठभर संख्येत सापडला. बेट नाही पण आपल्या देशातलं उदाहरण म्हणजे पूर्व घाटातली जैपूरची जमिनीवरची पाल, इंग्रज निसर्गअभ्यासक बेडोमने १८७७ मध्ये वर्णन केलेली, ती १३० वर्षांहून जास्त काळाने पुन्हा मिळाली. आणि चिलिका सरोवरातलं बरकुडा बेट माहितीये का? तिथली बिनपायांची सापसुरळी नेल्सन अ‍ॅनन्डेल यांनी १९१७ मध्ये जगासमोर आणली, तेच अ‍ॅनन्डेल जे झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे पहिले संचालक. सगळं आयुष्य मातीखाली, त्यामुळे शंभर वर्षांत ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळाच माणसाच्या नजरेला पडलीय. अशा प्राण्याला न दिसण्यावरून नामशेष म्हणणं म्हणजे गांडूळ रस्त्यावर दिसलं नाही म्हणून गांडुळं संपली म्हणण्यासारखं आहे.

पण ख्रिसमस आयलंडची केस अशी नाही, आणि हाच फरक तुला समजायला हवा असं मला मनापासून वाटतं. तिथे लपणारी, दुर्मिळ जात हरवली नाही. तिथे पायाखाली येणारी जात हरवली.

बेट ऑस्ट्रेलियाचं आहे पण जवळ जावाच्या, साधारण साडेतीनशे किलोमीटर दक्षिणेला, १३५ चौरस किलोमीटर. लाल खेकड्यांचं बेट म्हणून तू व्हिडिओ बघितले असशील. तिथे मूळच्या पाली-सापसुरळ्यांच्या पाच जाती आणि एक वाळा, म्हणजे आंधळा साप, एवढेच जमिनीवरचे सरपटणारे प्राणी. वनसापसुरळी, एमोइया नेटिव्हिटाटिस, तपकिरी, चमकदार, जंगलात झाड पडून ऊन जमिनीवर आलं की त्या उन्हाच्या तुकड्यात येऊन बसायची. निळ्या शेपटीची छोटी सापसुरळी. लिस्टरची पाल. किनाऱ्याच्या खडकांवरची एक सापसुरळी, आणि एक मोठी पाल. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातले सरीसृपतज्ज्ञ हॅरल्ड कॉगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्व्हे केला तेव्हा वनसापसुरळी आणि निळ्या शेपटीवाली बेटावर सगळीकडे होत्या, शोधाव्या लागत नव्हत्या. १९९८ च्या सर्व्हेत त्या कमी झाल्याचं स्पष्ट दिसलं. २०१० चा ऑगस्ट, वनसापसुरळी जंगलात शेवटची दिसली. तीस वर्षं फक्त.

मधे काय झालं? १९८७ मध्ये त्या बेटावर एक नवा साप नोंदला गेला. लायकोडॉन कॅपुसिनस. मालाबरोबर आला असणार, आग्नेय आशियातून. आपल्या घरात येणारा कवड्या साप म्हणजे लायकोडॉन ऑलिकस, आणि हे दोघं एवढे जवळचे की पूर्वी दोघांना एकच जात धरायचे.

कवड्या तुला माहीत असेलच पण मी त्याला ज्या नजरेने बघतो ते सांगतो. एकदा कोलशेतला चौथ्या मजल्यावरून कॉल आला, रात्री साडेअकरा, "मण्यार आहे, लवकर या". गेलो. बाथरूममध्ये गीझरच्या मागे, पाइपाच्या सांध्यात, अंगठ्याएवढ्या जाडीचा तपकिरी साप, पिवळट पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत गेलेले, म्हणजे कवड्या, मण्यारचे पट्टे उलट शेपटीकडे ठळक असतात. बिनविषारी. त्याच्या तोंडात पाल होती, आडवी धरलेली, आणि ती जिवंत होती, शेपूट तोडून टाकली होती तिने आणि ती तुटलेली शेपूट खाली फरशीवर एकटीच उड्या मारत होती. कवड्याने त्या शेपटीकडे बघितलंसुद्धा नाही. त्याच्या वरच्या जबड्याची पुढची बाजू कमानीसारखी असते आणि पुढचे दात लांब, म्हणून तर त्याला इंग्रजीत लांडगा-साप म्हणतात, गुळगुळीत कडक खवल्यांचा प्राणी त्या कमानीत बसला की निसटत नाही. मी पाच मिनिटं तसाच उभा राहिलो, त्याला गिळू दिलं, मग उचललं. घरची बाई म्हणाली, दादा, चौथ्या मजल्यावर आला कसा? भिंतीवरून आला, वहिनी. प्लॅस्टरची खरखर त्याला पुरते.

आता हा प्राणी अशा बेटावर नेऊन ठेव जिथे हजारो वर्षांत पाली खाणारा एकही साप नव्हता. तिथला वाळा मुंग्या-वाळवी खातो. सापसुरळ्या दिवसा फिरतात, रात्री सालीच्या फटीत, मुळांच्या खाचेत झोपतात, आणि हा रात्री नेमक्या त्याच फटी हुंगत फिरतो. आपल्याकडची सापसुरळी कवड्याबरोबर लाखो वर्षं राहिलीय, कुठे झोपायचं ते तिच्या रक्तात आहे. त्यांच्या नव्हतं. निळी शेपूट तशी उपयोगाची गोष्ट आहे, आपल्या रायोपाच्या लाल शेपटीसारखीच, पक्ष्याने झडप घातली तर ती शेपटीवर पडावी आणि जीव वाचावा म्हणून. पण अंधारात वासावर शिकार करणाऱ्या सापासमोर रंगाचं काय चालणार?

पुरावा काय, असं विचारशील आणि विचारायलाच हवं. सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे त्या कुठल्या क्रमाने गायब झाल्या तो. बेटाच्या ईशान्य टोकाला वस्ती आणि बंदर आहे, तिथून जवळच्या सापसुरळ्या आधी गेल्या आणि मग ते रिकामेपण हळूहळू बेटाच्या दुसऱ्या बाजूला सरकत गेलं, पसरत जाणाऱ्या शिकाऱ्याच्या मागे पडावं तसं. तिथे 'यलो क्रेझी अँट' म्हणतात त्या पिवळ्या मुंग्या आहेत, बाहेरून आलेली मोठी गोम आहे, मांजरं, उंदीर आहेत, सगळ्यांनी थोडाफार हातभार लावला असेल, पण या नकाशाशी जुळतो तो साप. आणि अजून एक गोष्ट जी ऐकून मला फार अस्वस्थ व्हायला झालं होतं. साधारणपणे शिकार संपत आली की शिकारी उपाशी मरतो, संख्या घटते, आणि उरलेल्या शिकारीला श्वास घ्यायला मिळतो. तिथे ते झालं नाही, आणि त्यामागे एक कारण असं मानलं जातं की बेटावर बाहेरून आलेली घरपालही मुबलक होती, हेमिडॅक्टिलस फ्रेनॅटस, जी आपल्या ट्यूबलाइटमागे चुकचुकते तीच. ती सापाला ओळखते, टिकून राहते, भराभर वाढते. साप तिच्यावर जगत राहिला आणि मूळच्या सापसुरळ्या शेवटच्या एकीपर्यंत वेचत राहिला. म्हणजे ठाण्याच्या कुठल्याही स्वयंपाकघरात जे दोन प्राणी एकमेकांना धरून शतकानुशतकं नांदतायत, तसल्याच जोडीने ते बेट रिकामं केलं.

वनसापसुरळीचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो, मला ते लिहायला त्रास होतो. जेव्हा ठरलं की पकडून पैदास करायची तेव्हा हातात आल्या तीन. तिन्ही माद्या. नर मिळालाच नाही, किती शोधला तरी. एक एक करून गेल्या, शेवटची उरली तिचं नाव गम्प ठेवलं होतं, ३१ मे २०१४ ला ती पिंजऱ्यात मेली. २०१७ मध्ये आययूसीएनने नामशेष लिहिलं. त्याच बेटावरचं छोटं वटवाघूळ, पिपिस्ट्रेल, त्याला पकडून पैदास करायची परवानगी जुलै २००९ मध्ये मिळाली आणि २६ ऑगस्ट २००९ ला त्याचा आवाज यंत्रावर शेवटचा ऐकू आला. परवानगी आली तेव्हा पकडायला काही उरलंच नव्हतं.

आणि त्याच बेटावर वेळेत हात घातला तर काय होतं तेही बघ. निळ्या शेपटीच्या ६६ सापसुरळ्या आणि लिस्टरच्या ४३ पाली २००९-१० च्या सुमारास पकडल्या गेल्या. जंगलातून त्यानंतर दोन्ही गेल्या, निळ्या शेपटीवाली २०१० मध्ये शेवटची दिसली, लिस्टरची २०१२ मध्ये. पण पकडलेल्यांची बेटावर आणि सिडनीच्या टारोंगा झूमध्ये पैदास झाली, शेकड्यांनी वाढल्या. सोपं अजिबात नव्हतं, २०१४ मध्ये एका जिवाणूचा आजार शिरला, तोंडाला गाठी येऊन मरायच्या, बेटावरच कुंपणात सोडून बघितल्या तर गोमींनी मारल्या. शेवटी २०१९ मध्ये निळ्या शेपटीवाल्या सापसुरळ्या कोकोस बेटांमधल्या पुलू ब्लान नावाच्या छोट्याशा बेटावर सोडल्या, जिथे हा साप नाही, स्वतःच्या घरापासून नऊशे-हजार किलोमीटर लांब. तिथे उन्हात एक निळी शेपूट सळसळतानाचा फोटो मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मी ट्रेनमध्ये होतो, कळवा स्टेशन गेलं ते मला कळलंच नाही.

म्हणून तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे की 'बहुधा नामशेष' की 'नामशेष' हा वाद खरा आहे, महत्त्वाचा आहे, पण तो फार उशिराचा प्रश्न आहे. वनसापसुरळीला वाचवायचं वर्ष २०१० नव्हतं, १९९० च्या आसपास होतं, जेव्हा ती सगळीकडे दिसत होती आणि म्हणून कुणी मोजत नव्हतं. १९७९ चा सर्व्हे होता म्हणून १९९८ ला निदान कळलं की कमी झाल्या. तो नसता तर लोक म्हणाले असते की इथे कधी फारशा नव्हत्याच.

आता येऊर. आपल्याला कळेल का? आज तरी, प्रामाणिकपणे, बहुतेक जातींच्या बाबतीत नाही. येऊर ज्याचा भाग आहे त्या संजय गांधी नॅशनल पार्कमध्ये कुठल्या जाती आहेत त्याच्या याद्या आहेत, पण यादी म्हणजे हजेरी, त्यातून संख्या कळत नाही. ठाण्याचा हा सगळा डोंगर साष्टी बेटावर आहे हे आपण खाडीपूल ओलांडताना विसरतो, एका बाजूला खाडी, तिन्हीकडून वस्ती, जंगलातल्या छोट्या सापसुरळीच्या दृष्टीने बेटाच्या आतलं अजून एक बेट. ती घोडबंदर रोड ओलांडून तुंगारेश्वरच्या जंगलात जाणार नाही. बरं, आपल्याकडे कवड्या मूळचाच आहे त्यामुळे तो धोका नाही, पण वणवे आहेत, पाड्यांपासून आत शिरणारी भटकी कुत्री आणि मांजरं आहेत, आणि मांजर सापसुरळी किती मारते ते मी माझ्या सोसायटीच्या बागेत बघितलंय. चार वर्षांत तिथली सापाची मावशी दिसायची बंद झाली, आणि तिथेही मी सुरुवातीचे आकडे लिहून ठेवले नव्हते.

तर तू काय करू शकतोस ते सांगतो. जंगलात जायची गरज नाही आत्ता, परवानगीशिवाय दगड उचलायला तर मुळीच जाऊ नको. ऐरोलीत तुझ्या सोसायटीपासून खाडीपर्यंतचा एक ठराविक रस्ता घे, पाचशे मीटर पुरे. महिन्यातून दोनदा, सकाळी नऊ वाजता सापसुरळ्या-सरड्यांसाठी आणि त्याच दिवशी रात्री आठ वाजता दिव्यांखालच्या पालींसाठी. तोच रस्ता, तीच वेळ, तोच वेग. तारीख, वेळ, ऊन-पाऊस, किती दिसल्या, आणि काहीच दिसलं नाही तर ० लिहायचं, जागा कोरी सोडायची नाही. पाली ओळखायला सुरुवातीला अडचण येईल, पायाच्या बोटांखालच्या पट्ट्यांचा आणि हनुवटीखालचा फोटो काढून ठेव, नावं नंतर लावता येतात. कुठे दगड किंवा ओंडका उचललासच तर स्वतःकडे ओढून उचल, म्हणजे आतला साप तुझ्या पायावर न येता पलीकडे जाईल, आणि जसा होता तसाच, त्याच खोबणीत परत ठेव, खालचा ओलावा एकदा उडाला की ती जागा कित्येक महिने त्यांच्या उपयोगाची राहत नाही.

आणि कधी खरंच काही वेगळं दिसलं, यादीत नसलेलं किंवा वर्षानुवर्षं कुणी न बघितलेलं, तर पकडू नको, बरणीत घालू नको. फोटो काढ, वरून, बाजूने आणि स्केलसाठी शेजारी पेन ठेवून, आणि लोकेशन कुठेही टाकू नको, फोटोमधला जीपीएस बंद कर, कारण दुर्मिळ पाली-सरडे विकत घेणारी माणसं जगात आहेत आणि ती असल्याच पोस्ट शोधत असतात. मला दाखव किंवा तुझ्या सरांना दाखव, मग आपण मिळून वनखात्याला आणि बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवू. पाऊस सुरू झाला की पहिल्या दोन आठवड्यांत माझी येऊरची परवानगी येते, तेव्हा एका सकाळी ये, फुल बाह्यांचा शर्ट आणि घोट्याच्या वर येणारे बूट घालून. तो ओढ्याकाठचा दगड दाखवतो.